खार, शेत आणि राहुटी : खाडीकाठच्या शेतमुक्कामाची परिभाषा

कोकण आणि गोवा ह्या प्रदेशांतील खाड्यांच्या काठी, प्रत्यक्ष लागवडीखाली असलेल्या शेतावर पाहुण्यांना काही दिवस मुक्कामाला ठेवण्याचा व्यवसाय अलीकडे ठिकठिकाणी सुरू झाला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यावर ह्या व्यवसायाला शासकीय मान्यताही मिळाली. मुक्कामाचे प्रकार मुख्यतः दोन आढळतात. पहिल्यात पाहुणा साध्या कापडी तंबूत जमिनीवर निजतो. त्याला ‘कॅम्पिंग’ म्हणतात. दुसऱ्यात तंबू तोच, परंतु आत पलंग, वीज, आरसा आणि स्वतंत्र न्हाणीघर असते. त्याला ‘ग्लॅम्पिंग’ असे नाव आहे.

हे दोन्ही शब्द परके असून ते ज्या जमिनीवर येऊन उतरले आहेत, तिला स्वतःची अतिशय दाट अशी परिभाषा आहे. खाडीकाठच्या शेतकऱ्याने पाण्याच्या वेळांना, जमिनीच्या उंचसखलपणाला, बांधाच्या अवयवांना आणि मातीतील क्षारांना वेगवेगळी नावे दिली आहेत. आणि त्या प्रत्येक नावाच्या पोटी काय करावे व काय टाळावे ह्याची एक सूचना दडलेली आहे. तंबू कोठे ठोकावा, होडी केव्हा सोडावी, सांडपाणी कोठे जाऊ देऊ नये, ह्या प्रश्नांची उत्तरे ह्याच परिभाषेत मिळतात. प्रस्तुत लेखात प्रथम मुक्कामाच्या शब्दांचा, नंतर खारशेतीच्या शब्दांचा विचार करून शेवटी ह्या दोहोंची गाठ कोठे पडते ते पाहावयाचे आहे.

१. ‘कॅम्प’, ‘ग्लॅमर’ आणि ‘क्षेत्र’

‘कॅम्प’ हा इंग्रजी शब्द फ्रेंच व इटालियन भाषांच्या द्वारा लॅटिन ‘काम्पुस’ ह्या शब्दापासून आलेला आहे. ‘काम्पुस’ म्हणजे मोकळे मैदान, रान, शेतजमीन. रोमन सैन्याची कवायत अशा मैदानावर होत असे व लढायाही तेथेच होत. त्यामुळे शब्दाला रणभूमीचा आणि पुढे सैन्याच्या तळाचा अर्थ चिकटला. ‘कॅम्पेन’ म्हणजे मोहीम, आणि ‘चॅम्पियन’ म्हणजे मुळात मैदानात उतरणारा योद्धा, हे शब्द त्याच कुळातील होत. करमणुकीसाठी तंबूत राहणे हा अर्थ त्या मानाने फारच अर्वाचीन आहे.

संस्कृत ‘क्षेत्र’ ह्या शब्दाचा प्रवासही ह्याच वळणाने झालेला दिसतो. क्षेत्र म्हणजे नांगरलेली जमीन. परंतु कुरुक्षेत्र ही रणभूमी आणि पंढरपूर हे तीर्थक्षेत्र. मराठीत ह्या शब्दाचे तद्भव रूप ‘शेत’ असे झाले आणि त्याने केवळ जमिनीचा अर्थ राखला. शेतावर ‘कॅम्प’ करणे ह्याचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने विचार केला, तर शेतावर शेत मांडण्यासारखेच ते आहे.

‘ग्लॅम्पिंग’ हा जोडशब्द ‘ग्लॅमरस’ आणि ‘कॅम्पिंग’ ह्या दोहोंची काटछाट करून तयार झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो ब्रिटनमध्ये रूढ झाला आणि २०१६ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात त्याला स्थान मिळाले. त्यातील ‘ग्लॅमर’ ह्या घटकाची कुळकथा व्याकरणाच्या अभ्यासकाला विशेष मनोरंजक वाटेल, कारण हा शब्द ‘ग्रॅमर’ ह्याचेच स्कॉटिश अपभ्रष्ट रूप होय. मध्ययुगीन युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनची विद्या. ती न येणाऱ्या सामान्य जनांना विद्वान आणि मांत्रिक ह्यांतील भेद फारसा जाणवत नसे. म्हणून ‘ग्रॅमर’ला जादूटोण्याचा, डोळ्यांवर पडणाऱ्या भुलीचा अर्थ आला. वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे हे रूप साहित्यात रुळले आणि पुढे त्याला मोहक झगमगाटाचा अर्थ प्राप्त झाला. शब्दाच्या पोटातील ही भूल आजही गेलेली नाही, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

२. मराठीतील तंबूचे शब्द

मराठीत तात्पुरत्या कापडी निवाऱ्याला शब्दांची वाण नाही : तंबू, डेरा, राहुटी, कनात, शामियाना, पाल, छावणी, शिबिर. ह्यांची वर्गवारी करू गेल्यास एक गोष्ट लक्षात येते. ह्यांतील बहुतेक शब्द लष्कराच्या किंवा दरबाराच्या व्यवहारातील आहेत. ‘शिबिर’ हा संस्कृत शब्द राजाच्या वा सेनेच्या तळाला लावला जात असे. ‘शामियाना’ फारसी असून तो दरबारी थाटाचा द्योतक आहे. ‘राहुटी’ आणि ‘डेरा’ हे शब्द मराठी बखरींच्या वाचकाला मोहिमांच्या वर्णनांतून परिचित आहेत. पुणे शहराच्या एका भागाला लोक ‘लष्कर’ आणि ‘कॅम्प’ अशी दोन्ही नावे देतात. तेथे परका शब्द आणि रुळलेला शब्द एकाच अर्थाने शेजारी नांदत आहेत.

‘पाल’ हा शब्द मात्र ह्या मालिकेत वेगळा पडतो. पाल ठोकतात त्या भटक्या जमाती. कापड, काठ्या आणि दोर हे साहित्य शामियान्याचे आणि पालाचे तत्त्वतः एकच. परंतु ‘शामियाना’ म्हटले की आत सरदार आहे आणि ‘पाल’ म्हटले की आत बिऱ्हाड आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. मराठी भाषा तंबूला त्याच्या रचनेवरून जितके ओळखते, त्याहून अधिक त्यात निजणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून ओळखते. कॅम्पिंग आणि ग्लॅम्पिंग हा भेदही स्वरूपतः त्याच जातीचा आहे.

‘छावणी’ ह्या शब्दाने आणखी एक वळण घेतले आहे. छावणे म्हणजे आच्छादणे. त्यावरून छावणी म्हणजे आच्छादन करून राहण्याची जागा, आणि त्यावरून सैन्याचा तळ. दुष्काळाच्या वर्षी महाराष्ट्रात ज्या ‘चारा छावण्या’ उघडतात, त्यांत हाच शब्द गुरांच्या मुक्कामाला लागला. लष्करी शब्दाला शेतीच्या गरजेने आपल्याकडे ओढून घेतल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

ह्या सर्वांहून निराळा असा एक शब्दसमूह आहे. तो आहे शेतकऱ्याच्या स्वतःच्या रात्रीच्या मुक्कामाचा. पीक तयार होऊ लागले म्हणजे राखणीसाठी शेतात उंच ‘माळा’ बांधतात. गवताने शाकारलेली ‘खोपी’ उभारतात. दक्षिण कोकणात घरापासून दूर असलेल्या बागेत वा शेतात ‘मांगर’ असतो, त्यात अवजारे राहतात, गुरे राहतात आणि कामाच्या दिवसांत माणसेही राहतात. शेतावर रात्र काढणे ही गोष्ट शेतकऱ्याला नवीन नाही. मात्र त्याच्या मुक्कामाला कारण पिकाचे असे आणि काम संपताच माळा मोडला जाई.

आनंदासाठी शेतात जमण्याची चालही कोकणात नव्हती असे नाही. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत ‘पोपटी’ लावतात. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा आणि कोणी अंडी वा कोंबडी घालून, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवतात व भोवती जाळ करतात. पाणी मुळीच न घालता शेंगा आपल्याच ओलाव्यावर शिजतात. ‘पोपटी’ हा शब्द त्या पदार्थाला आणि त्यानिमित्त शेतात जमलेल्या मेळाव्याला असा दोहोंना लावला जातो. भात निघून गेलेले शेत, वालाच्या शेंगांचा हंगाम आणि कापणीनंतरची उसंत हे तीनही जुळून आल्याशिवाय पोपटी होत नाही. शेताच्या कामाने दिलेली सुटी, असे तिचे वर्णन करता येईल.

३. खारशेताची रचना

आता ज्या जमिनीवर हा मुक्काम व्हावयाचा तिच्याकडे वळू. समुद्राचे पाणी भरतीबरोबर नदीच्या मुखातून आत शिरते आणि ओहोटीबरोबर परत जाते, त्या भागाला खाडी म्हणतात. खाडीच्या दोहों काठांची सखल, चिखलट जमीन भरतीच्या पाण्याखाली जाते. अशा जमिनीला बांध घालून समुद्राचे पाणी बाहेर ठेवले आणि पावसाच्या पाण्याने मातीतील मीठ धुऊन काढले, म्हणजे तीत भात होऊ शकते. ह्या जमिनीला उत्तर कोकणात ‘खार’ व दक्षिणेस ‘खाजण’ म्हणतात; गोव्यात ‘खाजन’ असा उच्चार आहे. अलिबाग व पेण ह्यांच्या दरम्यानचा प्रदेश तर ‘खारेपाट’ ह्या नावानेच ओळखला जातो.

‘खारशेत’ हा शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘खार’ हे ‘क्षार’ ह्याचे तद्भव रूप आणि ‘शेत’ हे ‘क्षेत्र’ ह्याचे. मूळ दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘क्ष’ हेच जोडाक्षर. परंतु एकात त्याचा ‘ख’ झाला व दुसऱ्यात ‘श’. संस्कृत ‘क्ष’चे मराठीत असे दुहेरी परिणाम का होतात, ह्याचा ऊहापोह झ्यूल ब्लोख ह्यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात केलेला आहे. एकाच समासात ते दोन्ही परिणाम शेजारी शेजारी बसावेत, हा ह्या शब्दाचा विशेष होय.

गोव्यात जमिनीचे पारंपरिक वर्ग तीन : खाडीलगतची सखल ती ‘खाजन’, रेताड ती ‘खेर’ आणि चढावरील ती ‘मोरोड’. हे वर्गीकरण मातीचे आहे तसेच पाण्याच्या पातळीचेही आहे. गावची घरे खाजनात नसून वरच्या अंगाला असतात, ह्याचे कारण ह्या तीन शब्दांतच आहे.

खाजनाचे मुख्य अवयव पुढीलप्रमाणे. बाहेरचा बांध चिखल, पेंढा आणि जांभा दगड ह्यांचा असतो. बांधाच्या बाहेर खाडीच्या अंगाला चिपी, तिवर, कांदळ अशी खारफुटीची झाडे असतात. ती लाटांचा जोर मोडतात. बांधात ठरावीक जागी दार असते. त्याला गोव्यात ‘मानस’ व रायगडकडे ‘उघाडी’ म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले म्हणजे त्याच्या दाबाने दाराच्या फळ्या मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली म्हणजे आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि पावसाचे साठलेले पाणी खाडीत निघून जाते. ह्या यंत्राला मनुष्यबळ वा इंधन लागत नाही. ते चंद्रावर चालते. मानशीच्या आतल्या बाजूस पाणी साठण्यासाठी खोल डोह राखलेला असतो. त्याला गोव्यात ‘पोंय’ म्हणतात.

पीकही ह्या जमिनीला साजेसे असते. गोव्यातील ‘कोरगुट’ हे भात थोडाफार खारटपणा सहन करते. रायगडमध्ये ‘काळा रता’ आणि ‘भुरा रता’ ह्या जुन्या जातींची निवड करण्यात आली, आणि पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ ह्या नावाच्या क्षारसहिष्णू जाती काढल्या. खारजमिनीत रोपांची लावणी न करता मोड आणलेले बियाणे फेकून पेरण्याची पद्धत आहे. तिला ‘रहू’ म्हणतात. भात निघाल्यावर काही खाजनांत मानशीतून खारे पाणी बेताने आत घेतले जाते आणि त्याबरोबर येणारी मासळी व कोळंबी पकडली जाते. खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात जिताडा हा मासा पाळण्याची चाल आहे. भात, मासे आणि क्वचित मीठ अशी तीन उत्पन्ने एकच जमीन देते. पण प्रत्येकाची वेळ वेगळी आहे आणि ती वेळ पाण्याने ठरते.

४. भरतीचे गणित

खाडीकाठच्या भाषेत पाण्याची चार नावे मुख्य आहेत. पाणी चढते ती ‘भरती’, उतरते ती ‘ओहोटी’. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वाधिक चढते व तितकेच खाली जाते, ते ‘उधाण’. अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी असतो, तो ‘भांग’. उधाणाचा कळस प्रत्यक्ष अमावास्येला वा पौर्णिमेला न होता त्यानंतर एकदोन दिवसांनी होतो.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत अशी : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता पूर्ण भरती. हीच वेळ दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळांना सामान्यतः लागू पडते. मध्ये सुमारे सहा तासांनी ओहोटी. ह्या रीतीमागील गणित साधे आहे. एका पंधरवड्यात भरतीची वेळ घड्याळाची बारा तासांची एक पूर्ण फेरी करते; म्हणजे पंधरा तिथींत बारा तास, एका तिथीला ४८ मिनिटे. लोकांनी ४८ ऐवजी ४५ मिनिटे, म्हणजे तोंडी हिशेबाला सोपा असा पाऊण तास धरला. त्यामुळे प्रत्येक तिथीला तीन मिनिटांची तूट पडते आणि पंधरवड्याच्या शेवटी हिशेब पाऊण तासाने मागे राहतो. परंतु प्रतिपदेला तो पुन्हा नव्याने सुरू होत असल्याने तूट वाढत जात नाही. ही रीत मुंबईच्या आसपास बरीच जुळते. दक्षिणेकडे वेळ थोडी आधी येते आणि खाडीच्या आतल्या टोकाला ती मुखापेक्षा मागाहून येते. तेवढी दुरुस्ती प्रत्येक गावाने अनुभवाने केलेली असते.

पाण्याच्या उंचीतही स्थळपरत्वे मोठा फरक आहे. उधाणाला मुरगाव येथे भरती-ओहोटीतील अंतर सुमारे २ मीटर, मुंबईस साडेचार ते पाच मीटर, तर खंबायतच्या आखातात भावनगरजवळ ते १० मीटरांच्या घरात जाते. ‘उधाण’ हा शब्द एकच. पण त्याच्या पोटातील पाणी उत्तरेकडे वाढत जाते. एका खाडीवर मिळवलेले ज्ञान दुसऱ्या खाडीवर जसेच्या तसे वापरू नये, हा त्याचा अर्थ.

शेतावर उतरलेल्या पाहुण्याला हे गणित प्रत्यक्ष उपयोगाचे आहे. अष्टमीला सकाळी सहाला भरती असेल, तर दुपारी बाराच्या सुमारास खाडीत नुसता चिखल उरेल आणि होडी काठाला रुतून बसेल. चतुर्थीच्या दुपारी नौकाविहार तीनच्या आगेमागेच होऊ शकतो. पाहुण्यांच्या जेवणाची, फेरफटक्याची आणि परतीची वेळ अशा रीतीने पंचांगाकडे पाहून ठरवावी लागते. शहरातील घड्याळाला सवकलेल्या मनुष्याला हा मुक्कामातील पहिला धडा असतो. आणि जेथे यजमान हा धडा देत नाही, तेथे चिखलात अडकण्याचे वा चढत्या पाण्याने वाट तुटण्याचे प्रसंग येतात.

५. तंबू कोठे आणि केव्हा

वरील परिभाषा लक्षात घेतल्यास तंबूच्या जागेचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. खाडीचे दृश्य सर्वांत सुंदर दिसते ते बांधावरून; म्हणून तंबू बांधावर ठोकण्याचा मोह होतो. परंतु बांध ही जागा नसून ती भिंत आहे. खेकड्याच्या बिळातून, कुजलेल्या मुळातून वा ठोकलेल्या मेखेच्या भोकातून पाणी झिरपू लागले, की उधाणाच्या भरतीत ते भोक रुंदावते आणि बांधाला ‘खांड’ पडते. खांडीतून खारे पाणी शेतात शिरले म्हणजे त्या वर्षीचे पीक तर जातेच. शिवाय मातीतील मीठ धुऊन निघण्यास दोनतीन पावसाळे जावे लागतात. एका रात्रीच्या देखाव्याची किंमत अशी तीन वर्षांच्या भाताने चुकवावी लागू शकते.

खाजनात तंबू ठोकणेही युक्त नाही. ती जमीन वर्षातील बराच काळ पिकाची किंवा मासळीची असते, आणि जेव्हा ती मोकळी दिसते तेव्हाही तिच्या खाली थोड्याच खोलीवर खारे पाणी असते. योग्य जागा म्हणजे घरे, खळी आणि मांगर ज्या वरच्या अंगाला आहेत ती. पूर्वजांनी घर जेथे बांधले तेथेच पाहुण्यानेही निजावे, एवढाच ह्या नियमाचा आशय आहे. हंगामाच्या दृष्टीने मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ सोयीचा. तेव्हा भात निघालेले असते, चिखल वाळलेला असतो आणि उकाडा वाढलेला नसतो.

साधा तंबू आणि सजवलेला तंबू ह्यांतील खरा भेद येथे उघड होतो. साध्या तंबूची मागणी थोडी असते : जमिनीचा तुकडा, घडाभर पाणी, सामायिक शौचालय. सजवलेल्या तंबूला काँक्रीटचा चौथरा, विजेची तार, न्हाणीघर आणि त्यामागोमाग सांडपाण्याची व्यवस्था लागते. खाडीकाठी गोड्या पाण्याची विहीर ही सर्वांत दुर्मीळ वस्तू. तिचा उपसा प्रमाणाबाहेर झाला तर खारे पाणी आतून ओढले जाऊन विहीरच खारी होते. सांडपाणी उताराने जाते ते तळ्यात आणि मानशीजवळच्या डोहात, म्हणजे यजमानाच्या मासळीतच. ‘ग्लॅमर’ ह्या शब्दाच्या मुळाशी असलेली भूल ती हीच : तंबू कापडाचा असल्याने तो जमिनीला हलका वाटतो, त्याचा भार जमिनीखाली असतो.

कायद्याची परिभाषाही येथे विचारात घ्यावी लागते. सागरतटीय नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत खाडीच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५० मीटर अथवा खाडीची रुंदी, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली येतो. आणि भरतीचा प्रभाव कोठपर्यंत आहे हे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील क्षारांचे प्रमाण हजारी पाच भाग असते, तेथपर्यंत मोजून ठरवतात. त्यापूर्वीच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचा स्वतंत्र उल्लेख असून त्यांत विकासकामांना मज्जाव केलेला आहे. खारफुटीविषयी मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निर्णयाने महाराष्ट्रातील कांदळवने आणि त्यांभोवतीचा ५० मीटरांचा पट्टा बांधकामापासून संरक्षित झाला. कायदा खाडीची हद्द मिठाने मोजतो. शेतकरी तीच हद्द पिकाने मोजतो.

६. बांध कोणाचा

एवढ्याने विषय संपत नाही, कारण खारशेताचे सर्व अस्तित्व बांधावर अवलंबून आहे आणि बांध एकट्याने राखता येत नाही. एका शेतकऱ्याच्या हद्दीत खांड पडली तर पाणी सगळ्यांच्या शेतांत जाते. म्हणून गोव्यात बांध, मानशी आणि त्यांवरील मासेमारीचा लिलाव ही सर्व व्यवस्था गावकारी ह्या ग्रामसंस्थेकडे होती. पोर्तुगीज सत्तेने १५२६ मध्ये अफोंसो मेशिया ह्याच्या सनदेत ह्या ग्रामसंस्थांच्या चालीरीती नोंदवून घेतल्या. म्हणजे संस्था त्याहून जुनी. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, कुळांना संरक्षण मिळाले, आणि बांधाची जबाबदारी पुढे कुळांच्या संघांकडे गेली. कसणाऱ्याचा हक्क न्याय्य होता. परंतु शेती किफायतशीर राहिली नाही, तेथे बांधाकडे लक्ष देणारे हातही कमी झाले. मानशीवरील मासळीचे उत्पन्न भाताहून अधिक भरू लागल्यावर, मासळीसाठी दारे अधिक वेळ उघडी ठेवण्याची प्रवृत्ती वाढली आणि खारे पाणी शेतांत येऊ लागले.

महाराष्ट्रात वाट निराळी होती. खारेपाटातील खोतीविरुद्ध चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. ह्या काळात त्यांनी जमिनी कसल्या नाहीत. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. बांधांच्या बाबतीत १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा व १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा झाला. खारबंदिस्तीचे काम अशा रीतीने शासनाच्या कक्षेत आले, आणि ‘आमचा बांध’ ह्याच्या जागी ‘सरकारी बांध’ असा शब्दप्रयोग शक्य झाला. सर्वनामातील हा बदल लहान वाटला तरी त्याचे परिणाम जमिनीवर दिसतात.

खांड वेळेवर बुजली नाही, तर खारे पाणी वरचेवर आत येते, भात थांबते आणि काही वर्षांत तेथे तिवर व चिपी उगवतात. मग ती जमीन कांदळवन ठरते. आणि कांदळवन संरक्षित असल्याने तेथे पुन्हा शेत करणे दुर्घट होते. खारफुटीचे रक्षण आवश्यक आहे, ह्याविषयी दुमत नाही; परंतु बांधाबाहेरची खारफुटी बांधाची पाठराखीण असते आणि बांधाच्या आत उगवलेली खारफुटी ही शेत गेल्याची खूण असते. दोहोंना एकच नाव असल्याने हा भेद कागदावर उमटत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर शेतमुक्कामाच्या व्यवसायाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. पाहुण्यांकडून मिळणाऱ्या पैशातील काही वाटा बांधाच्या दुरुस्तीला, मानशीच्या फळ्यांना आणि रहूच्या बियाण्याला गेला, तर जे शेत केवळ भातावर तग धरू शकत नाही ते चालू राहू शकेल. खाडीच्या पर्यटनाचे उत्पन्न स्थानिकांच्या हाती ठेवणे अशक्य नाही, हे वेंगुर्ले येथील मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ ह्या महिला बचत गटाने २०१७ पासून चालवलेल्या कांदळवन-दर्शनाच्या उपक्रमावरून दिसते. ह्याउलट, तंबूंचे उत्पन्न भातापेक्षा अधिक म्हणून भात सोडून दिले, तर बांध राखण्याचे कारणच नाहीसे होते. आणि बांध गेल्यावर ज्या हिरव्या शेताच्या ओढीने पाहुणा येत होता ते शेतही उरत नाही. मानशीवरील मासळीने जे झाले तेच तंबूने होऊ शकते : बाजूचे उत्पन्न मुख्य होते आणि दार उघडे राहते.

७. समारोप

एखाद्या व्यवसायाची परिभाषा टिकते ती तो व्यवसाय चालू असेपर्यंत. ‘उघाडी’ हा शब्द उघडणाऱ्या दारावाचून, ‘रहू’ हा शब्द मोड आलेल्या बियाण्यावाचून कोशात राहील. पण मोल्सवर्थच्या कोशात आज धूळ खात पडलेल्या अनेक शब्दांप्रमाणे तो केवळ नोंदीपुरता उरेल. खाडीकाठच्या शेतावर येणारा पाहुणा ह्या शब्दांचा नवा श्रोता आहे. तो त्यांचा वापर करणारा होणार नाही. तथापि यजमानाला ते शब्द रोज उच्चारण्याचे एक कारण तो देऊ शकतो, आणि ते उच्चारले जातील तेथे बांधावर मेख ठोकली जाणार नाही, होडी ओहोटीला सोडली जाणार नाही, सांडपाणी पोंयीत जाणार नाही.

म्हणून खाडीकाठच्या शेतमुक्कामाची पारख करण्यास एक साधी कसोटी पुरेशी आहे. पाहुण्याने यजमानाला विचारावे : आज भरती किती वाजता, उघाडी कोठे आहे, आणि गेल्या पावसाळ्यात बांधाला माती कोणी घातली? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले तर तो शेतावर उतरला आहे. तिसऱ्यालाही मिळाले, तर ते शेत पुढल्या वर्षीही तेथे असण्याचा संभव आहे.